मोकळी जागा कुठून येते: एनबीए कराराच्या सातव्या कलमावर भाष्य

एनबीए आणि तिच्या खेळाडूंची संघटना यांच्यातला सामूहिक करार २०२३ साली नव्याने झाला. त्याचे सातवे कलम पगारमर्यादेचे, म्हणजे सॅलरी कॅपचे. हंगाम संपल्यावर प्रत्येक संघ याच कलमात आपले भवितव्य शोधतो. मूळ भाषा वकिली आहे. म्हणून इथे प्रत्येक वाक्याचा आशय आधी मराठीत दिला आहे आणि त्याखाली भाष्य केले आहे. उदाहरण बहुतेक ठिकाणी एकच आहे, जुलै २०२४ मधल्या फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सचे. तोच पैसा एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात कसा जातो हे पाहिले, की वाक्यांचे आपसातले नाते उलगडते. विद्यार्थ्याने कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. हे कलम नुसत्या वाचनाने हाती लागत नाही, आकडेमोड करावीच लागते.

पहिले वाक्य: संघाचा एकूण पगार पगारमर्यादेच्या वर जाता कामा नये, मात्र पुढे दिलेल्या अपवादांनी तो जाऊ शकतो.

‘पगारमर्यादा’ म्हणजे काय? बास्केटबॉलपासून येणाऱ्या लीगच्या अपेक्षित उत्पन्नाचे ४४.७४ टक्के घ्यायचे, त्यातून खेळाडूंना मिळणाऱ्या इतर लाभांचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला तीस संघांनी भागायचे. १९८४-८५ साली ही मर्यादा ३६ लाख डॉलर होती. २०२४-२५ साली ती १४ कोटी ५ लाख ८८ हजार झाली, २०२५-२६ साली १५ कोटी ४६ लाख ४७ हजार. या शेवटच्या दोन आकड्यांतले अंतर नेमके दहा टक्क्यांचे आहे. योगायोगाने नव्हे. २०२३ च्या कराराने वार्षिक वाढीला दहा टक्क्यांचे कुंपण घातले आहे.

आता ‘मात्र’ या शब्दाकडे ये. कलमाचा सारा जीव त्यात आहे. एक अर्थ असा लावता येतो की नियम कडक आहे आणि अपवाद म्हणजे त्यातल्या फटी. दुसरा अर्थ असा, की मर्यादा फक्त बाहेरचा खेळाडू आणण्याला आहे, आपला खेळाडू राखण्याला नाही. पहिला अर्थ टिकत नाही, कारण त्या अर्थाने पाहिले तर बहुतेक संघ बहुतेक वर्षे नियम मोडत असतात. तसे नाही. ते मर्यादेच्या वर असतात आणि पूर्णपणे नियमात असतात. म्हणून दुसरा अर्थ घ्यावा. याचा अर्थ, उन्हाळ्यात संघापुढचा खरा प्रश्न ‘पैसे उरलेत का’ हा नसतो. बाहेरचा माणूस आणण्यापुरते आपण मर्यादेच्या खाली उतरू शकतो का, हा असतो.

‘एकूण पगार’ हा शब्दही सरळ नाही. त्याचा उलगडा पुढच्या वाक्यात आहे.

दुसरे वाक्य: करार संपून मुक्त झालेल्या खेळाडूपोटी, तो पुन्हा करार करेपर्यंत किंवा संघ त्याच्यावरचा हक्क सोडेपर्यंत, ठरावीक रक्कम संघाच्या एकूण पगारात धरली जावी.

या रकमेला सगळे ‘कॅप होल्ड’ म्हणतात. ती कोणाच्या हातात पडत नाही. कोणताही चेक निघत नाही. तरी हिशेबात ती खऱ्या पगाराइतकीच जड असते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा जशी माणूस नसतानाही भरलेलीच मानतात, तशी.

ही रक्कम धरायची कशासाठी? ती नसती तर काय झाले असते ते पाहा. तीस जूनला खेळाडूंचे करार संपतात, एक जुलैला नवे वर्ष सुरू होते. होल्ड नसता तर त्या दिवशी संघाचा कागद जवळजवळ कोरा दिसला असता. संघाने आधी बाहेरचे दोन तारे घेतले असते आणि मग अपवादाच्या आधारे आपलेच जुने खेळाडू मर्यादेच्या वर जाऊन परत घेतले असते. मर्यादा नावापुरती उरली असती. म्हणजे होल्ड ही शिक्षा नव्हे. पहिल्या वाक्यातल्या ‘मात्र’चा गैरवापर होऊ नये म्हणून घातलेला तो अडसर आहे.

रक्कम किती? इथे वाक्य खोल आहे, सावकाश वाच. ज्या खेळाडूवर संघाचा पूर्ण हक्क आहे आणि ज्याचा मागचा पगार लीगच्या सरासरीइतका किंवा त्याहून अधिक होता, त्याचा होल्ड मागच्या पगाराच्या १५० टक्के. सरासरीहून कमी होता, तर १९० टक्के. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू चार वर्षांचा ठरीव करार संपवून मुक्त झाला असेल, तर हेच आकडे अनुक्रमे २५० आणि ३०० टक्के. यातला कोणताही होल्ड त्या खेळाडूच्या कमाल पगारापुढे जात नाही.

फिलाडेल्फियाचे दोन खेळाडू घे. टोबायस हॅरिस २०२३-२४ साली सुमारे ३ कोटी ९३ लाख डॉलर घेत होता. त्याचे दीडपट सुमारे ५ कोटी ८९ लाख होतात. पण दहा किंवा अधिक वर्षे खेळलेल्याचा कमाल पगार मर्यादेच्या ३५ टक्के, म्हणजे ४ कोटी ९२ लाख ५ हजार ८००. होल्ड तिथे थांबतो. दुसरा टायरीस मॅक्सी. २०२० च्या ड्राफ्टमध्ये तो एकविसावा निवडला गेला होता. चौथ्या वर्षाचा त्याचा पगार ४३ लाख ४३ हजार ९२०. तिप्पट केल्यावर १ कोटी ३० लाख ३१ हजार ७६०. त्याचा कमाल पगार मर्यादेच्या २५ टक्के, म्हणजे ३ कोटी ५१ लाख ४७ हजार.

इथे थांब आणि दोन्ही आकडे शेजारी मांड. मॅक्सीला कमाल पगार मिळणार हे त्या उन्हाळ्यात कोणालाही सांगावे लागत नव्हते. तरी तो सही करत नाही तोवर हिशेबात त्याचे वजन १ कोटी ३० लाखांचेच. फरक २ कोटी २१ लाख १५ हजार २४०. फिलाडेल्फियाच्या मोकळ्या जागेचा मोठा वाटा या फरकातून आला.

हा फरक राहू देणे ही नियम करणाऱ्यांची चूक की इच्छा? काहीजण चूक म्हणतात. मला ते मान्य नाही. २०१५ साली सॅन अँटोनियो स्पर्सने कवाई लेनर्डच्या बाबतीत हेच केले होते. त्याचा मागचा पगार २८ लाख ९४ हजार ५९ आणि तेव्हाच्या २५० टक्क्यांनी होल्ड सुमारे ७२ लाख ३५ हजार. तो होल्ड तसाच ठेवून संघाने पोर्टलंडच्या लामार्कस ऑल्ड्रिजला जागेत बसवले, मग लेनर्डशी करार केला. त्याच्या पहिल्या वर्षाचा पगार १ कोटी ६४ लाखांवर गेला. यानंतर २०१७ चा करार झाला. त्यात २५० चे ३०० केले, २०० चे २५०. म्हणजे करार लिहिणाऱ्यांपुढे हे उदाहरण होते. त्यांनी फट अरुंद केली, बुजवली नाही. होल्ड थेट कमाल पगाराइतका करणे एका वाक्याचे काम होते आणि ते त्यांनी केले नाही. याचा अर्थ, ड्राफ्टमधून खेळाडू नीट निवडून त्याला घडवणाऱ्या संघाला एका उन्हाळ्यापुरता हा लाभ द्यायचा, असे कलमाला मान्य आहे.

आता वाक्यात जे लिहिलेले नाही ते. ‘पुन्हा करार करेपर्यंत’ असे शब्द आहेत. कधी करायचा, ते सांगितलेले नाही. २०२३ च्या शरदात मॅक्सीला करार वाढवून देता आला असता. तसे केले असते तर १ जुलै २०२४ पासून त्याचा पूर्ण नवा पगार हिशेबात धरला गेला असता आणि वरचा फरक शून्य झाला असता. संघाने वाढ दिली नाही. मॅक्सीने पूर्ण हंगाम वाढीव कराराच्या हमीशिवाय काढला. त्या हंगामात सर्वाधिक प्रगतीचा पुरस्कार त्याने जिंकला आणि जुलैत पाच वर्षांचा, सुमारे २० कोटी ३९ लाखांचा करार त्याला मिळाला. पैसे तेवढेच, पण मधल्या वर्षात गुडघा गेला असता तर जोखीम सर्वस्वी त्याची. म्हणजे होल्डचा लाभ संघाच्या पदरात पडतो आणि त्याची किंमत एक तरुण खेळाडू धीर धरून देतो. कलमात हा धीर कुठेही नोंदलेला नाही. त्याशिवाय हे वाक्य चालतच नाही, हे विसरू नकोस.

तिसरे वाक्य: सलग तीन हंगाम मुक्त खेळाडू म्हणून संघ न बदललेल्या आणि करारातून मोकळा न केल्या गेलेल्या खेळाडूशी त्याचा संघ, मर्यादेच्या वर असूनही, कमाल पगारापर्यंत करार करू शकतो.

लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा हक्क तो हाच. ‘मुक्त खेळाडू म्हणून’ हे शब्द वगळून वाचू नये. अदलाबदलीत, म्हणजे ट्रेडमध्ये, संघ बदलला तरी हक्क खेळाडूबरोबर नव्या संघाकडे जातो. दोनच हंगाम झाले असतील तर हक्क अर्धा: मागच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरीच्या १०५ टक्के, यांतले जे अधिक असेल ते. एकच हंगाम झाला असेल तर साधारण १२० टक्के. होल्डही त्याच प्रमाणात हलके, १३० आणि १२० टक्के. एवढे पुरे. यापुढची पोटकलमे सरळ आहेत.

चौथे वाक्य: संघ लेखी कळवून आपल्या मुक्त खेळाडूवरचा हक्क सोडू शकतो, हक्क सोडताच त्याचा होल्ड जातो.

‘सोडणे’ म्हणजे खेळाडूला हाकलणे नव्हे. संघ त्याच्याशी नंतरही करार करू शकतो, पण मोकळ्या जागेतून किंवा किमान पगारावर. बर्ड हक्काच्या आधारे नाही. होल्ड आणि हक्क एकाच नाण्याने विकत मिळतात आणि एकदमच जातात. एक ठेवून दुसरा टाकता येत नाही.

जुलै २०२४ मध्ये फिलाडेल्फियाने हॅरिसवरचा हक्क सोडला. तो डेट्रॉइटला गेला. त्याच्या होल्डचा आकडा वर दिला आहे: ४ कोटी ९२ लाख ५ हजार ८००. लॉस अँजेलिस क्लिपर्सकडून आलेल्या पॉल जॉर्जचा पहिल्या वर्षाचा पगार बघ: ४ कोटी ९२ लाख ५ हजार ८००. दोन्ही ३५ टक्क्यांच्या छताला टेकले, म्हणून आकडे एक झाले. पण विद्यार्थ्याला यातून जे दिसते ते मोलाचे आहे. एकाला कवडीही दिली जात नव्हती, दुसऱ्याला पूर्ण पगार मिळणार होता. कलमाच्या दृष्टीने दोघांचे वजन सारखे.

पाचवे वाक्य: संघाच्या हिशेबात बारापेक्षा कमी खेळाडू असतील, तर प्रत्येक रिकाम्या जागेपोटी नवख्याचा किमान पगार एकूण पगारात धरावा.

बारा मोजताना करारबद्ध खेळाडू, होल्ड असलेले मुक्त खेळाडू आणि पहिल्या फेरीत निवडलेले नवे खेळाडू, असे तिन्ही प्रकार धरतात. २०२४-२५ साली ही रक्कम दर जागेला ११ लाख ५७ हजार १५३ होती. लहान दिसते. पण तिचा परिणाम चौथ्या वाक्यावर होतो. किमान पगारावरच्या जुन्या खेळाडूचा होल्ड २० लाख ८७ हजार ५१९ असतो. तो सोडला तर तेवढी जागा मोकळी होते असे वाटते. होत नाही. त्याच्या जागी लगेच ११ लाख ५७ हजार येऊन बसतात आणि खरी सुटका ९ लाख ३० हजार ३६६ ची होते. हक्क सोडण्याआधी हे वजा करून पाहावे.

आता सर्व वाक्ये एकत्र लावू. सोपेपणासाठी फिलाडेल्फियाच्या हिशेबात दोनच नावे ठेव. जोएल एम्बीडचा पगार ५ कोटी १४ लाख १५ हजार ९३८. मॅक्सीचा होल्ड १ कोटी ३० लाख ३१ हजार ७६०. दहा रिकाम्या जागांचे १ कोटी १५ लाख ७१ हजार ५३०. बेरीज ७ कोटी ६० लाख १९ हजार २२८. मर्यादेतून वजा कर. जागा उरते ६ कोटी ४५ लाख ६८ हजार ७७२. पॉल जॉर्ज आरामात बसतो आणि वर उरतेही.

हेच उलट्या क्रमाने कर. आधी मॅक्सीची सही, मग जॉर्ज. मॅक्सीच्या होल्डच्या जागी ३ कोटी ५१ लाख ४७ हजार येतात. मोकळी जागा ४ कोटी २४ लाख ५३ हजार ५३२ वर घसरते. जॉर्ज आला की एक रिकामी जागा कमी होईल, तिचे पैसे परत मिळव: ४ कोटी ३६ लाख १० हजार ६८५. जॉर्जचा पगार याहून सुमारे ५६ लाखांनी अधिक. तो येऊच शकत नाही.

खेळाडू तेच, पगार तेच, मालक तोच, मर्यादा तीच. फक्त सह्यांचा क्रम बदलला आणि एक संघ शक्य झाला, दुसरा अशक्य. माझ्या मते सातव्या कलमाचा गाभा हा आहे. जागा ही आकड्यांची वजाबाकी नाही. कोणते हक्क केव्हा सोडले आणि कोणती सही शेवटी ठेवली, यातून ती तयार होते.

सहावे वाक्य: मर्यादेच्या वर असलेल्या संघाला मिळणारे अपवाद, संघ ते सोडत नाही तोवर, त्याच्या एकूण पगारात धरावेत.

हे वाक्य पुष्कळांच्या नजरेतून निसटते. मर्यादेच्या वरच्या संघाला बाहेरचा खेळाडू घेण्यासाठी मिड-लेव्हल नावाचा अपवाद मिळतो. २०२५-२६ साली तो १ कोटी ४१ लाख ४ हजारांचा. शिवाय एक वर्षाआड वापरता येणारा ५१ लाख ३४ हजारांचा छोटा अपवाद. समज, त्या वर्षी एखाद्या संघाचे पगार आणि होल्ड मिळून १४ कोटी डॉलर होतात. मर्यादेशी अंतर १ कोटी ४६ लाख ४७ हजारांचे. त्याला जागा आहे का? अपवादांची बेरीज १ कोटी ९२ लाख ३८ हजार. ती मिळवली की तो मर्यादेच्या वर जातो. याचा अर्थ, नियमानुसार त्याला जागा नाही, आणि पुढे येणारा रूम अपवाद हिशेबात धरला नाही, तर तसे असणेच त्याच्या हिताचे. दीड कोटीहून कमी जागेसाठी एक कोटी ब्याण्णव लाखांचे अपवाद कोण टाकील? एकाच खेळाडूवर सगळी रक्कम घालायची असेल तरच तो विचार करावा आणि तिथेही दोन्हीकडचा फरक पाच-साडेपाच लाखांचा आहे.

जो संघ खरोखर खाली उतरतो त्याला बदल्यात ‘रूम’ नावाचा लहान अपवाद मिळतो. २०२४-२५ साली तो ७९ लाख ८३ हजारांचा होता. फिलाडेल्फियाने तो केली उब्रेसाठी राखला. उब्रे आदल्या वर्षी किमान पगारावर खेळला होता, त्यामुळे त्याच्यावरचा एका हंगामाचा हक्क १२० टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नव्हता. तिसरे वाक्य इथे कामी येत नव्हते, म्हणून सहावे वापरले. रूम अपवाद मोकळी जागा संपल्यावरही वापरता येतो. म्हणून त्याचा क्रम शेवटी.

सातवे वाक्य: संघाने मोकळ्या केलेल्या खेळाडूचे देणे, उरलेल्या वर्षांच्या दुपटीत एक मिळवून येणाऱ्या वर्षांवर, समान वाटता येईल.

१ जुलै ते ३१ ऑगस्टच्या दरम्यान मोकळे केले तरच चालू वर्षाचा पगारही या वाटणीत येतो. सप्टेंबर उजाडला की चालू वर्ष पूर्ण भरावे लागते, पुढची वर्षे तेवढी पसरता येतात.

जुलै २०२५ मध्ये मिलवॉकी बक्सने डेमियन लिलार्डला मोकळे केले. एप्रिलमध्ये त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला होता. दोन वर्षांचे सुमारे ११ कोटी २६ लाख देणे होते. दोनाची दुप्पट चार, अधिक एक, म्हणजे पाच वर्षे, दरवर्षी सुमारे २ कोटी २५ लाख. मोकळ्या झालेल्या जागेत इंडियानाचा मायल्स टर्नर आला.

या वाक्याला एक मर्यादा जोडलेली आहे: अशा पसरलेल्या देण्यांची बेरीज कोणत्याही वर्षी पगारमर्यादेच्या १५ टक्क्यांपुढे जाऊ नये. २०२५-२६ साली हे १५ टक्के म्हणजे २ कोटी ३१ लाख ९७ हजार. लिलार्डचा आकडा त्याला जवळजवळ चिकटला आहे. म्हणजे मिलवॉकीने हे वाक्य अखेरच्या अक्षरापर्यंत वापरले. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटत नाही. होल्ड सोडला की तो कायमचा जातो. पसरलेले देणे २०२९-३० पर्यंत दर जुलैला परत उभे राहते, आणि ते ज्याच्यापोटी आहे तो खेळाडू संघात नसतो.

आठवे म्हणून एवढेच: मर्यादेच्या ९० टक्क्यांची किमान पातळीही आहे. ती न गाठता हंगामात शिरणारा संघ, फार पगार देणाऱ्या संघांकडून घेतल्या जाणाऱ्या लक्झरी टॅक्सच्या वाटपातला आपला हिस्सा गमावतो. म्हणजे मिळवलेली जागा साठवून ठेवण्यासाठी नाही.

फिलाडेल्फियाच्या जुलैबद्दल शेवटचे. हिशेब म्हणून त्यात मला दोष सापडत नाही. मैदानावर २०२४-२५ च्या हंगामात एम्बीड १९ सामने खेळला, जॉर्ज ४१, मॅक्सी ५२. संघाने २४ जिंकले, ५८ हरले. दुखापतींचा जाब सातव्या कलमाला विचारता येत नाही. मॅक्सीच्या होल्डमागचे ४३ लाख ४३ हजार ९२० कुठून आले हा प्रश्न मनात राहिला असेल, तर त्याचा आधार आठव्या कलमात आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूंचा पगारतक्ता तिथूनच चालतो. यानंतर ते वाच.